सहाव्या दिवशीची कॉफी

हेल्गा रोग्लरला कारखान्यात कुणी भांडखोर म्हणत नसे, आणि कामगार समितीच्या अध्यक्षबाईंबद्दल एवढं म्हटलं की आमच्याकडे ते कौतुकच समजायचं. पलीकडच्या गावातल्या कारखान्याचा अध्यक्ष टेबलावर मुठी आपटायचा, पेपरात त्याचे फोटो छापून यायचे, आणि तरी दरवर्षी दहा-बारा माणसं घरी बसायची ती बसायचीच. आमच्या हेल्गाने वीस वर्षांत मूठ आपटली नाही, पेपरात नाव येऊ दिलं नाही आणि एकही प्रकरण कोर्टाची पायरी चढू दिलं नाही. घरातलं भांडण घरात मिटवायचं, हा तिचा खाक्या. त्याचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

समितीचं काम वरकड. पोटाचं काम निवड खात्यातलं. भट्टीतून निघालेला चिनी मातीचा कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, लाकडी काडीने कडेवर टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. चांगला कप स्वच्छ वाजतो, आत चीर असेल तर ठस्स करतो. बावन्न साली, चौदा-पंधरा वर्षांची असताना, एका सोमवारी हेल्गा या कामाला लागली. त्याच सोमवारी, त्याच फाटकातून ओटमार झाइट्लर नावाचा एक हडकुळा पोरगा भट्टीखात्यात शिरला होता. दोघांना हजेरीची कार्डं लागोपाठच्या नंबरांची मिळाली. चाळीस वर्षांत हेल्गाचं लग्न झालं, नवरा वाल्टर फुप्फुसात धूळ साठून गेला, आणि त्याची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत ओटमार होता. तो बोलायचा कमी. भट्टीच्या झरोक्यातून ज्वाळेचा रंग बघून आत किती ताप आहे ते मात्र तो तापमापकाच्या काट्याच्या आधी सांगायचा.

कायदा असा होता, आणि अजूनही आहे, की मालकाला कुणाला काढायचं असेल तर आधी समितीला कागद द्यावा लागतो: अमक्याला अमक्या कारणासाठी काढतो आहोत, तुमचं म्हणणं काय. समितीला सात दिवस मिळतात. सात दिवसांत कारणासकट लेखी विरोध केला, तर माणसाला कोर्टात जाऊन खटला संपेपर्यंत आपल्या जागेवर काम करत राहता येतं. काहीच लिहिलं नाही तर कायदा म्हणतो, समितीचा होकार आहे. गप्प बसणं म्हणजे हो. हे हेल्गाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पण आमच्या कारखान्यात कायद्याच्या शेजारी एक रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. कामगार अधिकारी हायनेमान साहेब कागद नेहमी बुधवारी पाठवायचे. हेल्गा तो समितीच्या खोलीतल्या कपाटात ठेवून द्यायची आणि त्याबद्दल समितीबाहेर कुणाशी चकार शब्द काढायची नाही, ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याशीसुद्धा नाही. मग सहाव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर हायनेमान त्या खोलीत यायचे. हेल्गा कॉफी करायची. कप दुय्यम मालातले, कडेला टवका उडालेले. दोघं समोरासमोर बसून तासभर बोलायची.

"हा पितो हे मला माहीत आहे, रोग्लरबाई," हायनेमान म्हणायचे.

"पितो. पण गेल्या महिन्यात बायको परत आल्यापासून नाही पीत. त्याला मोल्डखात्यात टाका, तिथे मुकादम कडक आहे."

"मोल्डखात्यात जागा नाही."

"श्लोटर डिसेंबरात निवृत्त होतोय, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

हायनेमान कप खाली ठेवायचे, कागदाची चार तुकड्यांत घडी करून खिशात घालायचे आणि तो कागद पुन्हा कुणाला दिसायचा नाही. वीस वर्षांत असे अकरा कागद खिशात गेले. त्या अकरा माणसांना आपलं नाव एकदा कागदावर चढलं होतं हे आजही ठाऊक नाही. ज्यांना वाचवता आलं नाही त्यांच्यासाठी हेल्गा सातव्या दिवशी समिती बोलवायची आणि विरोध लिहून द्यायची, आणि त्याच्या जोरावर कोर्टाबाहेरच तडजोड व्हायची. दोनदा तर बोलणं लांबलं, आठवा दिवस उजाडला, आणि हायनेमाननी तिचा विरोध आदल्या तारखेने नोंदवून घेतला. "आपल्यात कशाला दिवस मोजायचे," असं ते म्हणाले होते. हेल्गाने हे वाक्य जपून ठेवलं. कायद्यात न बसणारा चांगुलपणा कधी आपल्यावर उलटेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. तिची चूक झाली ती इथे.

ब्याण्णव सालच्या ऑक्टोबरात, एका बुधवारी, कागद आला. नाव ओटमार झाइट्लरचं.

कारखाना वर्षापूर्वी एका मोठ्या कंपनीने घेतला होता. जुन्या दोन भट्ट्या बंद होणार, नव्या भट्टीला माणसं कमी लागणार, म्हणून एक जण जास्त होतो, असं कारण दिलेलं. खरं कारण हेल्गाने कागद खाली ठेवायच्या आत ओळखलं. आमच्या करारानुसार इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पंचावन्न पूर्ण झाल्यावर काढता येत नाही. ओटमारला पंचावन्न पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. त्याच भट्टीवर त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि सहा वर्षांपूर्वी लागलेला माणूस होता, त्याला ठेवून ओटमारला काढत होते. विरोधाचं कारण तिच्या जिभेवर तयार होतं. लिहायला दहा ओळी पुरल्या असत्या.

समितीत तिच्यासोबत लोरे याहराइस होती, रंगकाम खात्यातली. कपाच्या कडेवर सोनेरी रेघ ओढणारी आणि तोंडाने फटकळ. कायद्याने तिला कागद दाखवणं भाग होतं.

"आजच लिहून टाक," लोरे म्हणाली.

"थांब. मंगळवारी येईल तो."

"आणि नाही आला तर?"

"वीस वर्षं येतोय."

"अगं, तेव्हा त्याच्या डोक्यावर म्हातारा मालक होता. आता ते सुटाबुटातले बसलेत. त्यांना तुझी कॉफी माहीत आहे का?"

"कॉफीच्या आधी विरोध लिहिला तर तो म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही. मग कागद खिशात जायचा तो जाणार नाही. लोरे, मला त्याची जागा वाचवायची आहे, खटला लढायचा नाही."

लोरेने हात टेकले. समितीतले बाकीचे हेल्गा म्हणेल तसं करणारे होते, त्यांना विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

मंगळवारी हेल्गाने कॉफी केली. अडीच वाजले, तीन वाजले. सव्वातीनला हायनेमानांच्या टायपिस्ट बाईंचा फोन आला: साहेबांना मुख्य कचेरीतून बोलावणं आलंय, उद्या नक्की भेटतील. बुधवारी, सातव्या दिवशी, हेल्गा पाळी सुटल्यावर खोलीत बसून राहिली. लोरे दारात उभी राहून म्हणाली, "दहा ओळी, हेल्गा. मी टाइप करते, तू सही कर." हेल्गा म्हणाली, "त्याने उद्या म्हटलंय ना." चार वाजता टायपिस्ट बाई स्वतः वर आल्या आणि म्हणाल्या, साहेब अजून तिकडेच आहेत, उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच. हेल्गाला त्या दोन वेळांची आठवण झाली, आदल्या तारखेची. तिने कॉफी बेसिनमध्ये ओतली, कप धुतले आणि ती घरी गेली. त्या संध्याकाळी तिने बटाट्याचं सूप केलं, टीव्ही पाहिला आणि वेळेवर झोपली. पुढे हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त डाचत राहिली, की आपण त्या रात्री झोपलो.

गुरुवारी सकाळी ती हायनेमानांच्या कचेरीत गेली. दार उघडंच होतं. ते उठून उभे राहिले, जे एरवी कधी राहत नसत.

"बसा, रोग्लरबाई."

"काल आला नाहीत."

"नाही."

"मी विरोध आणलाय. आता लिहिलाय, घाईत. कारण तुम्हाला माहीतच आहे."

हायनेमाननी कागद हातात घेतला नाही. त्यांच्या टेबलावर एक कॅलेंडर होतं, नव्या कंपनीने दिलेलं, आणि त्यावर कुणीतरी बुधवारभोवती पेनने गोल काढला होता. ती शाई हायनेमानांची नव्हती.

"मुदत काल संपली," ते म्हणाले. "उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे काय धरतात, हे तुम्हाला मी सांगायचं का?"

"आपल्यात दिवस मोजायचे नाहीत, असं कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो होतो." ते खिडकीकडे बघत राहिले. "मला तिकडे दोन दिवस बसवून ठेवलं. काम काही नव्हतं. तुमच्याकडे यायचं नाही, एवढंच काम होतं. रोग्लरबाई, माझी मुलगी शिकतेय. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे."

आणलेला कागद हेल्गाने परत पिशवीत घातला. तिला राग आला तो आधी त्यांचा नव्हता. आपण मूग गिळून बसलो नव्हतो, आपण विश्वास ठेवून बसलो होतो, आणि कायद्याला या दोन्हीतला फरक कळत नाही, याचा तिला राग आला. पण ओटमारला तरी तो फरक कळणार होता का, हा प्रश्न तिच्या मनात लगेच आला आणि तिने तो तितक्याच लगेच बाजूला सारला. इथून पुढे ती जे वागली त्याला मी चूक म्हणणार नाही. तो भ्याडपणा होता.

ओटमारला पत्र पुढच्या सोमवारी टपालाने घरी मिळालं. तीन महिन्यांची मुदत, पण कामावर यायची गरज नाही, किल्ली फाटकावर जमा करावी. संध्याकाळी चार वाजता तो हेल्गाच्या दाराशी उभा होता. टोपी हातात, पत्र कोटाच्या खिशात. पत्र त्याने बाहेर काढलं नाही.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"कागद आला होता आमच्याकडे."

"मग?"

"बघते मी, ओटमार. हायनेमानशी बोलणं चालू आहे. घरातलं घरात मिटवू. तू घाई करू नकोस."

तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं," आणि जिना उतरून गेला. भट्टीवर तो परत कधी गेला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरायला नको.

पत्र मिळाल्यापासून कोर्टात जायला तीन आठवडे असतात. त्यानंतर दार बंद. हेल्गाने ते तीन आठवडे हायनेमानांच्या मागे लागण्यात घालवले. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, मालकांशी बोलतो. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, झिलई खात्यात एक जागा निघते आहे, बघू. ती रोज पाळी सुटली की त्यांच्या दाराशी उभी. लोक म्हणू लागले, बघा, हेल्गा कशी झटतेय ओटमारसाठी. ती खरोखरच झटत होती. फक्त ओटमारला जाऊन एवढं सांगत नव्हती की बाबा, माझ्यावर विसंबू नकोस, कोर्टात जा, कारण माझ्या हातून मुदत गेली. आज सांगू, उद्या सांगू करत तिने वेळ मारून नेली. जागा मिळाली तर सांगायची गरजच उरणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

निवड खात्यात तिच्या हातून त्या दिवसांत चिरलेले कप पुढे जाऊ लागले. शेजारची बाई न बोलता ते उचलून बाजूला ठेवायची.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी हायनेमान म्हणाले, "नाही जमलं. झिलई खात्यातली जागाही भरायची नाही असं ठरलं." मग दार लोटून, आवाज खाली आणून म्हणाले, "तो कोर्टात गेलाय का?"

"नाही."

"सोमवार शेवटचा दिवस आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी पाठवलं असतं त्याला. तुम्ही का नाही पाठवलंत?"

हेल्गा दार उघडून बाहेर पडली. शनिवारभर ती घरातच होती. रविवारी दुपारी, लोक चर्चमधून येऊन जेवायला बसतात त्या वेळी, ती ओटमारच्या घरी गेली. त्याची बायको रोझल हिने दार उघडलं, आत नेलं आणि न विचारता तिच्यापुढे ताट मांडलं. डुकराच्या मांसाचा तुकडा, लाल कोबी, बटाट्याचे दोन गोळे. रविवारी आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत.

हेल्गाने काटा उचलला नाही. "ओटमार, मला काही सांगायचंय. उद्या तुला कोर्टात जायला हवं. उद्याच. आणि पत्रात खाली एक ओळ असेल, तुझं लक्ष गेलं नसेल—"

"समितीला विचारण्यात आलं होतं, समितीने विरोध केला नाही," ओटमार म्हणाला. त्याने गोळा काट्याने फोडला, त्यावर रस्सा ओतला. "पहिल्या दिवशीच वाचली. आधी ती ओळ वाचली आणि मग तुझ्याकडे आलो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मी विचारलं होतं. 'मग?' असं विचारलं होतं."

रोझल भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे ताठ झाले होते.

"हायनेमान आला नाही रे," हेल्गा म्हणाली. "दर वेळी येतो. मी वाट बघत बसले. मुदत गेली. लोरेने सांगितलं होतं लिही म्हणून. माझी चूक आहे, ओटमार. सगळी माझी."

"चूक होते. भट्टीवर मी पण दोनदा माल जाळलाय, हजार-हजार ताटं. दुसऱ्या सकाळी जाऊन मुकादमाला सांगितलं, मी जाळली." त्याने घास गिळला. "मी रोज वाट बघत होतो. रोझल म्हणायची, वकिलाकडे जा. मी म्हणायचो, थांब, हेल्गा येईल, काय झालं ते सांगेल, मग जाऊ. तिच्या पाठीमागून नाही जायचं. वीस दिवस थांबलो, हेल्गा."

"तुमच्यासाठी थांबला तो," रोझल वळून म्हणाली. "तुमची अब्रू राहावी म्हणून. कोर्टात गेलो तर सगळ्यांना कळेल तुम्ही गप्प बसलात, म्हणून. ही त्याची अक्कल. आणि तुम्ही मात्र..." तिने हेल्गाच्या ताटातलं अन्न परत भांड्यात काढलं. आमच्याकडे याच्याहून मोठा अपमान नाही, आणि हेल्गाने तो खाली मान घालून घेतला.

"उद्या सातची बस आहे," ओटमार म्हणाला. "तूही ये."

"येते."

"यायलाच हवं. मला त्यातलं काही सांगता यायचं नाही."

सोमवारी सातच्या बसने दोघं हॉफला, कामगार न्यायालयाच्या शहरी, गेली. धुकं होतं, खिडकीतून काही दिसत नव्हतं. ओटमारने लग्नकार्याचा कोट घातला होता. बसमध्ये तो तिच्या शेजारीच बसला, मागे-पुढे नाही. हेल्गाला वाटत होतं, याने शिवी द्यावी, ओरडावं, सगळ्या बसला ऐकू जाईल असं काही म्हणावं. तो गुडघ्यावर टोपी ठेवून समोरच्या सीटची पाठ बघत बसला होता.

कामगार न्यायालयात तळमजल्यावर एक खोली होती. वकील न करता आलेल्याची तक्रार तिथे एक कारकून टाइप करून घ्यायचा. चष्मा नाकावर ओढलेला, चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. बाहेर बाकावर आणखी चौघं बसली होती. हेल्गा-ओटमारचा नंबर आला. ओटमारने पत्र टेबलावर ठेवलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते पत्र हेल्गाने पाहिलं. घडीवर ते झिजायला आलं होतं, इतक्या वेळा उघडलं होतं.

कारकुनाने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कधी लागलात ते विचारलं. "बावन्न साल," ओटमार म्हणाला, तेव्हा कारकुनाची बोटं क्षणभर थांबली.

"चाळीस वर्षं. पंचावन्नला तीन महिने बाकी. आणि धाकट्याला ठेवलंय म्हणता." त्याने मान हलवली. "आपली केस चांगली आहे हो. समितीचा विरोध असेल तर निकाल लागेपर्यंत तुम्हाला जागेवरून हलवता यायचं नाही. तो कागद आणलाय का? कारखान्यात समिती आहे ना? केला होता ना विरोध?"

ओटमारने टोपी या हातातून त्या हातात घेतली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "ह्यांना विचारा. ह्या अध्यक्ष आहेत."

कारकून हसून हेल्गाकडे वळला. माहितगार माणूस सोबत आलाय, याचं त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. दार उघडं होतं आणि बाकावरची चौघं ऐकत होती.

"नाही," हेल्गा म्हणाली.

ते कारकुनाला नीट ऐकू आलं नसावं, किंवा पटलं नसावं. त्याने पुन्हा विचारलं, "विरोध नाही केला? मग समितीने काय म्हटलं?"

"काही नाही म्हटलं. आम्ही गप्प बसलो. मी गप्प बसले," ती म्हणाली, आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.